तांबड्या छावणीचं प्रकरण

माझं नाव सोमनाथ करमाडकर. हे नाव ऐकलं की अर्ध्या शहरातले गुन्हेगार चळाचळा कापतात. उरलेल्या अर्ध्यांनी ते अजून ऐकलेलं नाही, ही त्यांची चूक. अठ्ठावीस वर्षं मी घरोघर फिरून विजेची मीटरं वाचली, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला उंबऱ्यावरूनच कळतं. बजाजनगरचं चप्पल प्रकरण मीच हाताळलं. चप्पल सापडली नाही, पण संशयित सात निघाले आणि त्यातले सहा आजही माझ्याशी बोलत नाहीत. सिल्लोडच्या हरवलेल्या मक्याच्या पोत्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. त्या पोत्यावर बसूनच मी तपास करत होतो, एवढं सांगतो.

माझी सहायक म्हणजे आमच्या सौ. सुलेखाबाई. त्यांना हे पद मान्य नाही.

रविवारी दुपारी दोनला ज्योतीनगरच्या श्रीधरपंतांचा फोन आला. "सोमनाथराव, ताबडतोब निघा. माझं राज्य पुन्हा बुडालं."

"कितव्यांदा?"

"सहाव्यांदा. कालपासून."

मी स्कूटर काढली. पंतांच्या पत्नी शैलावहिनींना लोणच्याची बरणी परत द्यायची होती म्हणून सुलेखाही मागं बसली.

दारातच श्रीधरपंतांची लेक सावनी उभी होती. नखं खाऊन संपली होती, आता ओढणीचं टोक सुरू होतं. तिनं सगळं सांगितलं. तिनं आणि तिच्या तीन मित्रांनी चार वर्षं खपून 'दख्खनची गादी' नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवला होता. त्यात आपण राजा. लढाया, धान्य, सोयरिकी, सरदारांचे रुसवेफुगवे, सगळं आपणच सांभाळायचं. एक कंपनी तो बाजारात आणायला तयार होती, पण तिला एकच शंका होती, हे नवख्या माणसाला झेपेल का? म्हणून कंपनीनं एक कोरा कॉम्प्युटर पाठवला आणि अट घातली. जन्मात असला खेळ न खेळलेल्या माणसानं कुणाच्या मदतीशिवाय दहा वर्षं राज्य टिकवून दाखवायचं, आणि 'नवख्याला जमतं का?' या प्रश्नापुढं होय किंवा नाही लिहायचं. मुदत आज संध्याकाळी सहा.

"आणि नवखे म्हणजे बाबा," सावनी म्हणाली. "काका, त्यांनी 'नाही' लिहिलं की आमची चार वर्षं पाण्यात. मला सांगताही येत नाही हो, पहिल्याच पडद्यावर खाली..."

"सावनी!" आतून आरोळी आली. "कॉपी!"

श्रीधरपंत तीस वर्षं परीक्षेला केंद्रप्रमुख होते. पोरीला त्यांनी खोलीत पाऊल टाकायची बंदी केली होती. सख्ख्या मेव्हण्याला एकदा त्यांनी पेपरातून उठवलं होतं, तिथं हिची काय कथा!

खोलीत मिट्ट अंधार. पश्चिमेचं ऊन कॉम्प्युटरच्या काचेवर येतं म्हणून पंतांनी दोन्ही जाड पडदे ओढून घेतले होते. मला ते आवडलं. गुप्त कामाला अंधार बरा. समोर टीव्हीएवढा कॉम्प्युटर, त्यावर दख्खनचा नकाशा, आणि चौफेर इतकी चित्रं, इतकी बटणं की मला माझ्या जुन्या ऑफिसची आठवण झाली. एका बाजूला लिहिलं होतं, 'थोरल्या सरदारांचा रुसवा: चौदा'.

"चौदा म्हणजे जास्त की कमी?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. पण खरा घोळ हा आहे." पंतांनी आवाज खाली आणला आणि नकाशाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "ही छावणी."

तिथं एक काळपट तांबडा गोळा होता. मधोमध पांढरा, निमुळता किल्ला.

"मी नकाशा पूर्वेला सरकवला, तर ही पूर्वेला. दक्षिणेला नेला, तर ही तिथं हजर. सहा वेळा फौज धाडली. फौज हिच्याखाली जाते आणि दिसेनाशी होते. इकडं तिसऱ्या वर्षी बंड होतं आणि मी गादीवरून खाली. डाव कसा खेळायचा ते सांगू नका, तो माझा पेपर; तुम्ही फक्त ही घुसखोरी शोधा."

अंगावर काटा आला. माझ्या तोडीचा शत्रू मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.

माझा पहिला संशय दिवाणावर गेला. खेळातला हा दाढीवाला दर महिन्याला उगवायचा आणि म्हणायचा, "हुजूर, सब खैरियत है." राज्य जळतंय आणि ह्याची खैरियत! तपासाचा भाग म्हणून मी पंतांना त्याला बडतर्फ करायला लावलं. आठ महिन्यांत राज्य बुडालं. सातवी वेळ.

दुसरा सिद्धांत असा की छावणी कुणीतरी बाहेरून, वायरीतून पाठवतंय. वायरींचा माणूस मी! सरळ जाऊन घराचा मेन स्विच खाली ओढला. काळोखात बघतो तर छावणी गायब!

"पंत, सापडलं! ही छावणी विजेवर चालते!"

"सोमनाथराव, कॉम्प्युटरही विजेवरच चालतो."

स्वयंपाकघरातून सुलेखाचा आवाज आला, "पुन्हा मेन बंद केला का हो? वहिनींचं मिक्सर चालू होतं ना!" मी स्विच वर केला. छावणी होती तिथंच आली, आणि मिक्सरमधली चटणी अर्धी भरड राहिली ती वेगळीच.

तिसरा संशय घेताना मी मन घट्ट केलं. गुप्तहेराला नाती नसतात. बाहेर जाऊन मी सावनीला दरडावलं, "छावणी तूच पेरलीस ना? बापाला हरवायला?"

"कसली छावणी?" ती बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. "काका, मी माझंच घर बुडवीन का हो?"

मला लई वाईट वाटलं. तिच्या वयाची पोरं नवे कपडे घेत फिरतात, ही चार वर्षं एका नकाशापुढं बसली होती. मी माफी मागितली. तशी मी सहसा मागत नाही.

चार वाजून गेले. पंतांनी कंपनीचा कागद पुढं ओढला. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"खोटं लिहिणार नाही," ते म्हणाले. "पोरीनं माझ्या हातात द्यायलाच नको होतं हे."

त्यांनी 'ना' काढला, तोच दार उघडलं. सुलेखा चहा घेऊन आली होती.

"अंधारात काय बसलाय दोघं? कुणी गेलंय का?" तिनं एका हातानं पडदा सर्रकन बाजूला केला. ऊन आत आलं. तिची नजर कॉम्प्युटरवर गेली. "वहिनी, कुंकू लई लावलंय व्हय तुम्ही!"

"म्हणजे काय!" शैलावहिनी दारातून म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली की आधी हळदकुंकू. मिक्सरला लावलं, फ्रीजला लावलं, ह्याला का नको? आजकाल ह्या कॉम्प्युटरना मेली चौकटच नसते कुठं. मग लावलं काचेवरच."

सुलेखानं पदराचं टोक ओलं केलं आणि छावणी पुसून टाकली. किल्ला टुपकन कीबोर्डवर पडला. अक्षतेचा दाणा होता.

खाली पिवळं बटण होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'नवीन आहात? इथून सुरुवात करा.'

मी चहा प्यायलो.

"पुसलं, ही मदत धरायची का?" मी विचारलं.

पंतांनी बराच विचार केला. "परीक्षेआधी फळा पुसणं ही कॉपी नव्हे," ते म्हणाले, आणि 'ना' खोडला.

बटण दाबताच एक कारकून प्रकटला. अहो, काय गुणी माणूस! रुसवा म्हणजे काय, चौदा म्हणजे धोक्याचं कसं, फौज कधी धाडायची, सगळं हाताला धरून सांगू लागला.

"रुसलेल्या सरदाराला आधी जेवायला बोलवा की," सुलेखा पुटपुटली.

"कॉपी!" पंत ओरडले. पुढच्या क्षणी कारकूनही तेच म्हणाला.

पावणेसहाला श्रीधरपंतांच्या राज्याला दहा वर्षं पूर्ण झाली. रुसवा दोनवर, कोठारं भरलेली. त्यांनी 'होय' लिहिलं, खाली सूचनेच्या ओळीत लिहिलं, 'बटण कोपऱ्यातून हलवावे. कोपऱ्यात आमच्याकडे कुंकू लागते,' आणि कागदाचा फोटो कंपनीला पाठवला. मग त्यांनी सावनीला हाक मारली. तिनं तो 'होय' वाचला, दोनदा वाचला आणि बापाच्या गळ्यात पडून हमसून रडली. पंत तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "'नाही'च लिहीत होतो गं मी, 'नाही'च लिहीत होतो."

शैलावहिनी डोळे पुसत तबक घेऊन आल्या. लेकीला कुंकू लावलं, अक्षता लावली. मग वळल्या कॉम्प्युटरकडं. "ह्यानंही बिचाऱ्यानं केवढं सोसलं," असं म्हणत त्यांचं बोट त्या पिवळ्या बटणाकडं निघालं.

सगळे नुसते बघत राहिले. मी मात्र अठ्ठावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून झेप घेतली आणि मध्ये कपाळ घातलं.

"अगंबाई," सुलेखा म्हणाली, "आज खरंच काहीतरी अडवलंत की हो!"

घरी जाताना क्रांती चौकातल्या सिग्नलला मी स्कूटरच्या आरशात बघितलं. आरसा डावीकडं वळवला, मग उजवीकडं वळवला. जिकडं वळवीन तिकडं तांबडी छावणी माझ्याबरोबर येत होती, आणि मधोमध किल्ला.