हिरव्या चौकटीस वळण लावल्याची हकीकत

ग्रामदेवतेस आणि विजेच्या तारेस दंडवत. दोघींची कृपा एके वेळी असली म्हणजेच दफ्तर चालते. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवसापासोन डोंगरपल्याडच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐसे.

राज्यात बियाण्यांचे कोठार होते, आणि त्यात गावठी वाणांच्या अकराशे चाळीस पुड्या होत्या. दर मृगास गावोगावच्या बाया येऊन मूठभर बी नेत आणि पीक आल्यावर दोन मुठी परत आणून घालीत, ऐसी चाळीस वर्षांची वहिवाट. कोठाराच्या दफ्तरदार मथुताई खांबेटे. त्यांनी तरुणपणी राज्याचे सारे तक्ते टाइपरायटरावर ठोकले आणि सुटीच्या दिवशी पायी हिंडून निम्म्याहून अधिक पुड्या आपल्या हाते गोळा केल्या. पुड्या राखणाऱ्या हौसाबाई, आवाज खणखणीत. ऐसे असता राजधानीहून कारभाऱ्यांचा हुकूम आला की, वैशाख अमावस्येच्या आत पुड्यांची यादी यंत्रावरील कोष्टकात भरून पाठवावी, एकही घर रिकामे ठेवू नये, अन्यथा कोठार बंद करून पुड्या राजधानीच्या शीतघरात जमा कराव्या. शीतघरात गेलेली पुडी मागे आल्याचे कोणी पाहिले नव्हते. मथुताईंनी हुकूम दोन वेळा वाचला. चष्मा पुसला आणि यंत्रापुढे जाऊन बसल्या.

कोष्टकात दर पुडीस आडवी पाच घरे: वाणाचे नाव, गाव, देणार, पेरणीचा महिना, फळी. घरांवर एक हिरवी चौकट फिरे, तीस कर्सर म्हणत, आणि ती जेथे उभी राही तेथेच अक्षर उमटे. हौसाबाईंनी पहिली पुडी पुढे धरली आणि मथुताईंनी घेवडा लिहून एंटर दाबले, आणि गाव लिहून एंटर दाबले, मग देणार, मग महिना, मग फळी, आणि ऐसे तीन प्रहर नजर पुड्यांवर ठेवून टाइपरायटराच्या वेगाने लिहीत गेल्या. खऱ्या टायपिस्टाने आपल्या कागदाकडे पाहू नये, ही त्यांची शिस्त. आणि पुडी संपली की त्यांचा डावा हात टाइपरायटराचा ओळ बदलणारा दांडा ढकलावयास आपसूक हवेत जाई, आणि तेथे हौसाबाईंचा पाण्याचा पेला असे. पेला चार वेळा लवंडला.

सायंकाळी मान वर करून पाहतात तो एंटरागणिक चौकट शेजारी न जाता खाली उतरलेली आणि सारी यादी एकाच उभ्या रांगेत. हौसाबाई मोठ्याने वाचू लागल्या, "वाणाचं नाव घेवडा. वाणाचं नाव करंबवाडी. वाणाचं नाव सखूबाई. वाणाचं नाव आषाढ. अगं बाई! मथुताई, ही सखूबाई पेरल्यावर उगवायचं काय हो?"

"तुमच्यासारखंच काहीतरी बडबडं," मथुताई म्हणाल्या, परंतु आवाजात जोर नव्हता, कारण एक दिवस फुकट गेला होता.

मग यंत्रनवीस गजेंद्रराव यांस पाचारण केले. ते काळा चष्मा डोक्यावर चढवून आले आणि बोलते झाले, "आजी, या वयात असं व्हायचंच."

"आजी तुमच्या घरी. इथं दफ्तरदार म्हणायचं."

"बरं, दफ्तरदार. आता एंटर मारलं की चौकट उजवीकडेच जाईल, असा बंदोबस्त केलाय. डोळे मिटून लिहा."

मथुताईंनी शब्दावर विश्वास ठेवला. दुसरे दिवशी चौकट पूर्वेस निघाली ती पाच घरे संपली तरी वळेना, आणि पहिल्या पुडीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, ऐसी एकच ओळ राज्याची हद्द ओलांडून गेली. हौसाबाई म्हणाल्या, "पहिली पुडी कुठं राहिली हो? मला तर घेवडा दिसेनासा झाला." मग दर ओळीअखेर बाणांच्या कळा दाबदाबून चौकटीस माघारी ओढावे लागले, आणि दिवसभरात चाळीसच पुड्या होऊ लागल्या. आठवे दिवशी हौसाबाईंनी बोटांवर मोजून पाहिले तो हिशेब अमावस्येच्या पलीकडे जाई. मथुताईंनी आणखी एक ओळ संपवली आणि पेला पुन्हा लवंडला.

"तो डावा हात आवरा की आता!" हौसाबाई कडाडल्या.

"काय करू? दांडा ढकलल्याशिवाय ओळ संपल्यासारखी वाटतच नाही. तक्ता ठोकताना घराघराला काही दांडा ढकलत नव्हते मी, तिथं..." आणि मथुताई थांबल्या. तक्त्यात एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारावयास टॅबची निराळी कळ असे, दांडा फक्त ओळीअखेर. त्यांनी यंत्राकडे पाहिले तो डाव्या काठास तीच कळ, त्याच नावाने, आठ दिवस समोर बसलेली.

गजेंद्ररावांस पुन्हा बोलावणे गेले. मथुताई म्हणाल्या, "एंटर पहिल्यासारखं करून द्या."

"अहो, मग चौकट खाली जाईल!"

"जाऊ दे. ओळ संपल्यावर खालीच जायचं असतं."

आणि त्यांनी वाण लिहून टॅब दाबला, गाव, टॅब, देणार, टॅब, महिना, टॅब, आणि फळी लिहून एंटर. तो चौकट खाली उतरून आपल्या पायांनी पहिल्या घरी येऊन उभी. गजेंद्ररावांनी चष्मा डोक्यावरून काढून खिशात घातला. "दफ्तरदार, हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाले.

"मला ठाऊक होतं, पण एवढ्या वर्षांत विसरले होते."

मध्येच बाणाची कळ दाबली तर चौकट आपले घर विसरते, हेही ध्यानी आले, म्हणोन बाणांवर औषधी चिकटपट्टी चिकटविली आणि पेला उजवीकडे गेला. मग पन्नास पन्नास पुड्या रोज होऊ लागल्या.

अमावस्येचे दिवशी अखेरची पुडी निघाली. आत ठिपक्यांचा वाल, आणि वाणाच्या नावाचा कागद कसरीने खाल्लेला. देणार करंबवाडीची सखूबाई, ती तर मागेच वारली होती, विचारावे कोणास? आणि रिकामे घर तर चालत नव्हते. मथुताईंनी क्षणभर हौसाबाईंकडे पाहिले, मग पहिल्या घरात लिहिले, सखूबाई. आणि टॅब दाबला.

यादी पोहोचली, आणि कोठार आहे तेथेच राहावे, ऐसा हुकूम आला. मृगास बाया आल्या, आणि करंबवाडीच्या एकीने मूठभर सखूबाई पदरात बांधून नेली आणि माघात दोन मुठी परत आणून घातली.

येणेंप्रमाणे चौकट वळणावर आली, कोठार राहिले, आणि सखूबाई पेरली असता सखूबाईच उगवली. डावा हात अद्याप हवेत जातो. लेखनसीमा.