मावीसबाईंनी ‘फरारी’ हा शब्द मोडून काढिला त्याची हकीकत

विदित व्हावे की, राज्ये तोफांनी बुडाली हे बहुतांनी लिहून ठेविले, परंतु एका शब्दाने माणूस जिवंतपणी कैसे बुडते आणि पुन्हा वर कैसे येते, हे लिहिण्यास कोणास फुरसत जाहली नाही. सबब यॉर्कशायर प्रांती, हॅलिफॅक्स शहराचे माथ्यावर, थिसलगेट नामे वृद्धनिवासात जे घडले ते यथास्थित लिहितो.

गंगाजळनिर्मळ मावीसबाई ओल्डरॉइड यांनी उभा जन्म बस कंडक्टरकी गाजविली, आणि पुढे पक्षाघाताचा घाला पडोन डावे अंग निकामी जाहले, मग थिसलगेटी मुक्कामास आल्या. वाहन म्हणाल तर विजेवरची चाकांची खुर्ची. दिमाख पूर्वीचाच. निवासाची किल्लेदारी जॅनिसबाई क्रॅबट्री यांजकडे, आणि त्यांचे अमलात चादरी पांढऱ्याशुभ्र, सूप वेळेवर, माणसांची नावे मात्र दाराबाहेर पायपुसण्यावर काढून ठेविलेली. ज्यांस घास भरवावा लागे ते ‘भरवणी’, जे खुर्चीत बसत ते ‘चाकं’, आणि उरले ते सरसकट सोनुले. जेवणसमयी पुकारा होई, “चाकं आधी आत घ्या गं, भरवणी मागून!” आणि कोणी चाकरीवरील पोरगी गाल ओढून “जेवली का आमची छकुली?” ऐसे पुसे, तेव्हा मावीसबाई म्हणत, “मी छकुली, तर तू कोण गं? माझी पणजी?”

ऐसे चालले असता एके शुक्रवारी बाईंनी दरवाजा उघडा पाहिला, आणि कोणास न सांगता खुर्ची उतारावर सोडिली, आणि नाक्यावरील दुकानी हॅडॉक मासा व चिप्स यांचा फडशा पाडून, पावसात भिजून, मोठ्या खुशीत माघारी आल्या. तो किल्ल्यात हलकल्लोळ. दुसरे दिवशी दाराचे कुलूप बदलले, आणि पाळी बदलतेसमयी एकीने दुसरीस खबर दिली, “भरवणी उरकली. त्या फरारीवर तेवढी नजर ठेव. कौन्सिलची बाई येणारे, बहुतेक कुलूपबंद घरात हलवतील तिला, पार लीड्सच्या पलीकडे.”

हे मावीसबाईंचे कानी पडले. ज्या बाईने भरल्या बसमधील दारुडे एका नजरेने खाली उतरविले, तिने कप अर्धाच खाली ठेविला. रडल्या नाहीत, चष्मा मात्र पुशीत बहुत वेळ बसल्या.

मग मसलत बसली. मसलतीस राजश्री क्लिफर्डराव सग्डन, पूर्वाश्रमीचे खाटीक, जे झटक्यानंतर घासापुरते परस्वाधीन, जिभेने जड, आणि अकलेने पूर्ववत तिखट. ठरले ऐसे की, गनिमाचे हत्यार गनिमावरच चालवावे. सकाळी न्याहारीचे मैदानी रणशिंग फुंकिले, आणि चाकरीवरील पोरींस त्यांचे हातातील जिनसांवरून हाका सुरू जाहल्या. “ए बादली, चहा आण!” “गोळ्या आल्या रे, तोंडं उघडा!” आणि क्लिफर्डरावांनी ओठांची बहुत जुळवाजुळव करून खुद्द किल्लेदारीणबाईंस ‘चावी’ हा किताब बहाल केला.

जॅनिसबाई लालबुंद जाहल्या. “मला नाव आहे, मावीस!”

“हो का? आम्हालाही होती. कुठे ठेवलीत?”

तमाम मंडळी खदखदली, आणि त्यांत झिम्बाब्वेहून आलेली, एजन्सीमार्फत कंत्राटावर नेमलेली रुडो सर्वांत मोठ्याने. मावीसबाई फत्तेच्या कैफात म्हणाल्या, “तुला काय एवढं हसू येतंय गं, एजन्सी?”

रुडोचे हसू जागीच थांबले. “बघा ना,” ती म्हणाली. “हिवाळ्यापासून तुम्हाला आंघोळ मी घालते. तुमच्या पाठीवरचा तीळसुद्धा मला ठाऊक आहे. आणि मी अजून एजन्सीच. रुडो म्हणतात मला.”

आपलाच गोळा आपल्याच बुरुजावर पडला. बाईंनी मान खाली घातली, जी पक्षाघातापुढेही घातली नव्हती. “चुकलं माझं, रुडो. तोंड फाटकं आहे मेलं.”

“फाटकं असू दे,” रुडो म्हणाली. “फक्त नाव घ्या.”

पुढे कौन्सिल दरबारची समाजसेविका ऐलीनबाई पिंडर दाखल जाहल्या, आणि कचेरीत खलबत मांडिले, आणि जिचे भवितव्य ठरणार तीस बाहेर बसविले. तेव्हा मावीसबाईंनी खुर्ची चालवून ऐन उंबऱ्यात उभी केली. दार ना मिटे ना उघडे.

“माझ्याबद्दल बोलताय, तर मलाही ऐकू द्या.”

ऐलीनबाईंनी घसा साफ करून विचारिले की, पलायनाची खोड कधीपासून.

“पलायन? अहो, मासे खायला गेले होते! रांगेत सगळी गल्ली होती साक्षीला. फरारी माणूस टार्टर सॉस मागतं का?”

ऐलीनबाईंस हसू आवरेना. जॅनिसबाई मात्र एकदम फुटल्या. “आणि मी? मी पावसात कालव्याच्या काठाकाठाने फिरत होते, मावीस. पाण्यात बघत होते. तुम्ही दिसाल म्हणून.”

हे बाईंस ठाऊक नव्हते. खुर्ची हातभर मागे सरली. ऐलीनबाईंनी सावकाश पुसले, “मिसेस ओल्डरॉइड, तुम्हाला काय हवंय?” हा प्रश्न त्या वास्तूत आजवर कोणी पुसला नव्हता. मग मावीसबाई कष्टाने म्हणाल्या, “शुक्रवार हवाय. सांगून जाईन. पण परवानगी मागणार नाही.”

तह जाहला. ‘फरारी’ हा शब्द दप्तरातून आणि तोंडातून बरखास्त. मिसेस ओल्डरॉइड शुक्रवारी बाहेर जातात, ऐसे साधे वाक्य त्याचे गादीवर बसविले. भरवणी व चाकं यांसही तोच हुकूम लागू. जॅनिसबाईंची जीभ तीनदा घसरली आणि तीनदा त्यांनी स्वतःच चावली.

पुढील शुक्रवारी फौज उतार उतरली: मावीसबाई आघाडीस, क्लिफर्डराव मागून, त्यांची खुर्ची रुडोचे हाती. दुकानी रांग दारापर्यंत. काउंटरवरील गृहस्थाने क्लिफर्डरावांचे डोईवरून रुडोस पुसले, “यांना व्हिनेगर चालतं का?”

रुडो छताकडे पाहू लागली. मावीसबाईंनी दात ओठ खाल्ले, परंतु शब्द काढिला नाही. रांग खोळंबली, तेल चरचरले, मागील कोणी घड्याळ पाहिले, आणि क्लिफर्डरावांचे ओठ हालले, थांबले, पुन्हा हालले.

“ओत,” ते म्हणाले. “मी... सांगेपर्यंत.”

आणि ते कितीतरी वेळ सांगेनात. येणेप्रमाणे थिसलगेटकरांची फत्ते जाहली, मासा व्हिनेगरात पोहत किल्ल्यात दाखल जाहला, आणि मोहिमेत उभयपक्षी कोणी माणूस खर्ची पडले नाही, हे लिहून ठेविले असे.