माहेरची वांगी आणि एक परिपत्रक

परिपत्रक वाचायचं नसतं, एवढी अक्कल मला सहा वर्षांच्या नोकरीत आली होती. परिपत्रक आवक रजिस्टरला चढवायचं, त्याच्यावर गोल शिक्का मारायचा, दोन भोकं पाडायची आणि फायलीत ओवायचं. वाचतो तो साहेब होत नाही. (न वाचणाराही होत नाही, पण त्याचे डोळे तरी चांगले राहतात.) पण अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी आमच्या हिंगणघाटच्या ऑफिसात चहा यायला पाऊण तास उशीर झाला आणि मी समोर पडलेलं परिपत्रक वाचून टाकलं. पुढचं सगळं त्या चहावाल्यामुळे झालं असं माझं आजही मत आहे.

आमचं ऑफिस म्हणजे खाण्यापिण्यातली भेसळ पकडणारं. त्यात माणसं तीन. नमुने घेणारे इन्स्पेक्टर अच्युतसाहेब, ते नमुने कागदोपत्री नेणारा क्लार्क मी, आणि ते खरोखर उचलून नेणारा शिपाई नत्थू. आजवर आम्ही दूध, तिखट आणि गोडं तेल यांच्यापलीकडे गेलो नव्हतो. या परिपत्रकाचा विषय मात्र होता, 'खाद्यपदार्थांवरील कीटकनाशकांचे अवशेष व त्यांची कमाल मर्यादा'. सोबत तक्ता. कोणतं औषध, कशावर, दहा लाख भागांत किती भाग चालतील. त्याच्यावर गेलं की गुन्हा.

तक्त्यात भाजीपाल्याचा रकाना होता. भाजीपाल्यात वांगं येतं. आणि वांगं आलं की माझे सासरे येतात.

माझे सासरे रूपराव, म्हणजे आमचे मामाजी, अल्लीपूरचे. पराटी म्हणजे कपाशी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर वांगी. दर बाजाराच्या दिवशी ते सकाळच्या एस.टी.नं माल घेऊन येत, माल मंडईत टाकत आणि एक वेगळी पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहत. घरात येऊन खाटेवर बसत, पण पाण्याचा घोटही घेत नसत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, हा त्यांच्याकडचा कडक नेम. नलूला तेव्हा पाचवा महिना लागला होता, म्हणजे मामाजींची तहान अजून चार महिन्यांची होती.

त्या आठवड्यात मामाजी आले ते नव्या फवारणी पंपाच्या कौतुकात.

"जवाईबापू, यंदा तीन फवारे मारले. पराटीवर मारले, वांग्यावरही मारले. एक अळी औषधाले नाई सापडत."

औषधाला अळी सापडत नाही हे त्यांना अभिमानानं सांगायचं होतं. मला समोर फक्त तो तक्ता दिसत होता. ते गेल्यावर मी पिशवी पालथी केली. चार वांग्यांना भोकं होती. एकातून अळीनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. आता, ज्याला विचार करता येतो अशा माणसानं यातून काय काढावं? मी काढलं ते असं: तीन फवारे मारूनही अळी जिवंत आहे, म्हणजे मामाजी अजून चौथा मारणार. (मी कॉलेजात सायन्सला होतो. एक वर्ष.)

"नलू, ही वांगी करू नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"यांच्यावर अवशेष आहेत."

"माह्या बापाच्या वांग्यावर?" तिनं विळी बाजूला सारली. "तुमाले माहीत नाई, बाबा घरच्याले जे वांगे आणते ना, ते..."

"हे सर्क्युलर आहे, नलू. तुला नाही समजणार."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं मी त्या काळी समजत असे.

भांडण वाढवायचं नव्हतं. तिच्या पोटातलं बाळ महत्त्वाचं होतं, आणि खरं सांगतो, त्या तक्त्यानं माझी झोप उडाली होती. आकड्यांच्या त्या रांगेत मला माझं होणारं लेकरू दिसायचं. तेव्हा मी शासकीय मार्गानं, म्हणजे कोणाला न सांगता, तोडगा काढला. दर बाजाराला मामाजी गेले की "भाजी निवडून आणतो" म्हणून पिशवी घेऊन निघायचं. ती वांगी नत्थूला द्यायची. मग मंडईतल्या भाजीवाल्या वच्छलाबाईकडून निवडून चकचकीत, बिनभोकाची, जांभळी वांगी त्याच पिशवीत भरायची आणि घरी यायचं.

नत्थूला मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तुझ्याकडे चालतील ना रे? अळी आहे थोडी."

"अळीले काय होते साहेब," तो म्हणाला. "ते बी वांगंच खाते."

(नत्थूच्या घरच्यांच्या तब्येतीचा विचार मी केला नाही असं नाही. केला. पण ते काटक लोक आहेत असं म्हणून फाईल बंद केली. आज ते लिहिताना लाज वाटते.)

असे पाच आठवडे गेले. नलू एकदा म्हणाली, "बाबाचे वांगे या खेपेले भलतेच चमकून राह्यले." मी म्हणालो, हवामान. ती "हाव" म्हणाली आणि भाजी टाकायला गेली. ऑफिसच्या डब्यात रोज वांग्याची भाजी असायची. मी चवीनं खायचो आणि अच्युतसाहेबांना सांगायचो, साहेब, हे निर्धोक वांगं आहे.

तिथंच घात झाला. परिपत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात भाजीपाल्याचा एक तरी नमुना पाठवा असं म्हटलं होतं. साहेबांनी विचारलं, "वासुदेवराव, कोणाचा घेऊ? पहिलाच आहे, उगाच लफडं नको." मी छाती पुढे काढून म्हणालो, वच्छलाबाईचा घ्या. रिपोर्ट स्वच्छ येणार. मी स्वतः तिचीच वांगी खातो, पंच म्हणून सहीही करतो.

मंडईत नमुना घेताना लग्नाहून कमी गर्दी नसते. साहेबांनी दीड किलो वांगी रीतसर विकत घेतली, तीन भाग केले, बरण्या, दोरा, लाख, सील. मी वच्छलाबाईच्या ओट्यावर कागद ठेवून पंचनामा लिहीत होतो. गर्दीतल्या कोणीतरी विचारलं की वांग्यानं काय चोरी केली. मी लक्ष दिलं नाही. मजकूर छान जमत होता.

"हां, आता रकाना सात," साहेब म्हणाले. "बाई, हा माल घेतला कोणापासून?"

"तुमाले कायले पायजे?"

"कायद्यानं लागतं. मालात काही निघालं तर ज्यानं पिकवलं त्याच्यावर जाईल. तुमच्यावर नाही."

हे ऐकून वच्छलाबाईचा चेहरा उजळला. "मंग लिवा ना. अल्लीपूरचे रूपराव. गेल्या दोन सालांपासून वांगे त्याहिचेच घेतो मी. याले तं माहीत पायजे," तिनं माझ्याकडे हात केला, "याचे सासरेच होत ते."

मी रकाना सातमध्ये माझ्या सासऱ्यांचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं. खाली पंच म्हणून सही केली, तीही माझीच होती.

घरी सांगण्याची हिंमत नव्हती. म्हणजे मी मामाजींची वांगी देऊन मामाजींचीच वांगी विकत आणत होतो, आणि वर त्यांच्यावर खटला उभा केला होता. रविवारी पहिल्या एस.टी.नं अल्लीपूर गाठलं. सासूबाई आनंदाबाई चहा ठेवायला उठल्या, मी म्हणालो चहा नको, मामाजी कुठं आहेत. वावरात गेले होते. गाठलं. ते खाली वाकून झाडाच्या पानांमागून काहीतरी वेचत होते आणि डब्यात टाकत होते.

मी सगळं सांगितलं. परिपत्रक, तक्ता, पंचनामा, रकाना सात. फक्त पिशवीची अदलाबदल सांगितली नाही.

मामाजींनी शांतपणे ऐकलं. "दहा लाख भागात किती म्हनता?"

मी आकडा सांगितला.

"अन् दहा लाख भाग मोजन कोन?"

"प्रयोगशाळेत मोजतात."

"मोजू द्या मंग. मी बी पाह्यतो किती निघते." त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. "जवाईबापू, मले काय औषध माराची हौस आहे? डोकं दुखते, डोळे चुरचुरते. पन बजारात अळीचं वांगं कोनी घेत नाई. भोक दिसलं का लोकं फेकून देते. तुमीच सांगा, तुमी घेता का?"

 पाच आठवडे मी भोकाची वांगी देऊन बिनभोकाची आणण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"अन् नलूची फिकीर नका करू," ते म्हणाले. "ते पाह्यलं, तिकडे? ते बजारचं. हे विहिरीमागचे आठ तास, या आठ ओळी, घरच्या. इथं एक थेंब नाई मारत. नलूले दिवस गेले तवापासून रोज सकाऊन येतो अन् हातानं अळ्या येचतो. आता माह्ये डोळे काय पहिल्यासारखे राह्यले? एखादी राहून जाते. तिले म्हना, पाहून चिरजो."

डब्यात शंभरेक अळ्या असतील. त्या माणसाच्या बोटांना हिरवा रंग लागला होता. माझ्या लेकरासाठी, म्हणजे त्यांच्या नातवंडासाठी, ते कित्येक महिने अळ्या वेचत होते आणि मी ती वांगी नत्थूला देऊन नलूला फवारलेली चारत होतो. मला रडू आलं. मामाजींना वाटलं खटल्याच्या भीतीनं. ते म्हणाले, "सरकारी मानूस असून इतले काय भेता."

परतीच्या एस.टी.त मी बसलो नाही, उभाच होतो. जागा होती. घरी पोचलो तेव्हा नलू चार वाजताच्या उन्हात दारात बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पहिल्या पिशवीपासून सगळं कबूल केलं. शेवटी म्हणालो, "उद्याच डॉक्टरकडे जाऊ. नलू, माझ्या हातून फार मोठी चूक झाली."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

"मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बाबा वांग्याचा देठ लांब ठेवते. तुमी आनले त्याचे देठ बोटभर बी नव्हते. अन् दुसऱ्या दिवशी नत्थूची बायको, सीताबाई, आली ना घरी. म्हने, बाई, साहेबानं वांगे पाठवले, बम गोड होते. मी म्हटलं, अर्धे तुले, अर्धे मले. पिशवी तिच्या घरी गेली का मी जाऊन माह्ये घेऊन येतो."

"म्हणजे तू..."

"मी बाबाचेच खाल्ले. पाचही आठवडे."

 बाळ सुखरूप होतं. नत्थूची माणसं सुखरूप होती. मी देवाचे आभार मानले आणि मग, क्लार्क असल्यामुळे, माझ्या मनात हिशेबातली शिल्लक आली.

"मग मी आणलेली वांगी कोणी खाल्ली?"

नलूनं पहिल्यांदा वर पाहिलं.

आमच्याकडे बायका नवऱ्याच्या मागून जेवतात. दोन वर्षांत तिच्या ताटात काय असतं ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. चुलीवर पाच आठवडे भाजीचे दोन वेगळे गंज चढत होते, तेही पाहिलं नव्हतं.

"मला का खाऊ घातलीस?" मी विचारलं.

"तुमीच निवडून आनले. मी सांगाले गेलतो तं म्हने तुले सर्क्युलर नाई समजत. मले वाटलं मर्यादा किती ते तुमाले माहीत असन." मग तिला माझी दया आली असावी. "तीनदा मिठाच्या पाण्यात धुऊन करत होतो तुमचे. डबा काऊन खारट लागते म्हनून एकदा तरी इचारलं का?"

विचारलं नव्हतं. उलट साहेबांना चव दाखवली होती.

मार्चात मुलगी झाली, अल्लीपूरलाच. दोन महिन्यांनी मामाजी लेक आणि नात घेऊन आमच्याकडे आले आणि लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी पाटावर बसले. नलूनं वांग्याचीच भाजी केली होती, विहिरीमागच्या तासांतली. मामाजी पोटभर जेवले, तांब्याभर पाणी प्यायले. मी त्यांच्याच गंजातलं वाढून घेतलं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं पत्र आलं. हेही मी वाचलं. सीलचा ठसा वेगळा न पाठवल्यामुळे नमुना तपासता आला नाही, ही चूक संबंधित लिपिकाची आहे, त्यास समज द्यावी. मामाजींचं नाव कोणत्याही कोर्टात गेलं नाही. नोकरीत माझ्या हातून झालेलं हे एकमेव चांगलं काम, आणि त्याबद्दल मला लेखी समज मिळाली.

पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती. मी ती घरी नलूला वाचून दाखवली: "सदर वांग्यांचा दुसरा नमुना उपलब्ध असल्यास तात्काळ पाठवावा."

"आता कुठून आणू?" मी म्हणालो. "बरण्यांतली सडून गेली, घरी आणलेली मी खाल्ली. त्या पिकाचं एक वांगं शिल्लक नाही."

नलू बाळाला तेल लावत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "तुमीच जा ना मंग."