मेश्राम काकांचा राष्ट्राध्यक्ष

रोज सकाळी आठ वाजता आमच्या भिंतीपलीकडून एका माजी राष्ट्राध्यक्षाला घातलेल्या शिव्या ऐकू यायच्या.

"खुर्ची सोडवत नव्हती ना? बस आता फ्रेममध्ये! उत्तर दे!"

नेमकी तेव्हाच माझी ऑफिसची मीटिंग. एकदा म्यूट करायचं राहिलं, तर मॅनेजरने हळूच विचारलं, "एव्हरीथिंग ओके ॲट होम?" काय सांगणार, कपाळ?

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या या टाउनहाउसच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. पलीकडे मेश्राम काका राहतात, मुलीकडे. मूळचे नागपूरचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आफ्रिकेतल्या एका देशात गणित शिकवलं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण काकांची ताकीद आहे, "बदनामी त्याची कर, देशाची नको."

सकाळी बुद्धमूर्तीसमोर शांतपणे वंदना म्हणायची आणि मागे वळून थेट समोरच्या फोटोवर तोफ डागायची, हा त्यांचा नेम. फोटो त्यांच्या शाळेच्या उद्घाटनाचा. मधोमध खुर्चीत राष्ट्राध्यक्ष, मागे शिक्षकांची रांग. एकदा मी तणतणत गेले, "काका, जरा हळू ओरडा ना!"

"हळू कसं? डाव्या कानानं बहिरा आहे तो. तेव्हाही जोरात बोला लागे."

आणि मग चहा पाजून मलाच सगळा इतिहास ऐकवला. "मास्तर होता बेटा तो, आमच्यासारखा. गोऱ्यांनी जेलात टाकलं, तर तिथंही कैद्यांना लिहा-वाचायला शिकवलं. सत्तेत आला, गावोगावी शाळा काढल्या. मास्तर पुरेनात तर आम्हाला इंडियातून विमानानं बोलावलं." इथपर्यंत आवाज मऊ. मग कप आदळला. "आणि मग चिकटला! घटना बदलली. नोटेवर याचं तोंड, नाण्यावर याचं तोंड. फळ्याला खडू नाही, पण याचा फोटो वर्गावर्गात! चोर साला!"

शिव्या द्यायचा हक्क मात्र फक्त काकांचा. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला एक गृहस्थ पुरणपोळीवर तूप ओतता ओतता म्हणाले, "आफ्रिकेत काय यार, सगळे हुकूमशहाच!"

काकांनी प्लेट खाली ठेवली. "शाळा बांधली का तुम्ही एखादी? त्यानं हजार बांधल्या!"

गृहस्थांचा चेहरा पडला. मला मनापासून बरं वाटलं. घरी येताना माझ्या गाडीत काकांनी पुन्हा त्याच राष्ट्राध्यक्षाचा उद्धार सुरू केला.

मागच्या महिन्यात तो गेला. बातमी मीच फोनवर वाचली. परदेशातल्या महागड्या हॉस्पिटलात प्राण सोडला. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं राज्य केलंस, आणि मरायला बरं वाटेल असं एक हॉस्पिटल नाही बांधलंस स्वतःच्या देशात?

पण काकांचं वाईट वाटलं. कितीही शिव्या घातल्या तरी आयुष्य गेलं त्या माणसाच्या राज्यात. इंडियन ग्रोसरीतून झेंडूचा हार आणला. काका वॉकला गेले होते. त्यांच्या मुलीने दार उघडलं आणि आम्ही दोघींनी हार फोटोला चढवला.

काका दारातूनच ओरडले, "काढ! पहिले काढ तो हार!"

"अहो काका, गेले ते. गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण..."

"मी पण आहे ना त्या फोटोत! रांगेत तिसरा! जित्या माणसाला हार घालून राहिली?"

बघते तर खरंच, बेलबॉटम आणि झुपकेदार मिशा. मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. त्यांचं बोट शेजारच्या चेहऱ्यावर होतं. किडकिडीत, हसरा, टाय वाकडा.

"हा सायमन. इतिहास शिकवायचा. एकदा वर्गात बोलला, राष्ट्राध्यक्षांनी आता घरी जावं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधून उचलला. डबा तसाच टेबलावर." काकांनी स्वतःच हार उतरवला. "बायको अजून फोन करते मला. मेला म्हणून कोणी सांगितलं नाही तिला. मग त्याला हार कसा घालू?"

मी त्यांच्या हातातून हार घेतला.

"रोज यालाच विचारत होतो, कुठं ठेवला माझा सायमन. हाच मेला. आता कोणाला विचारू?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता भिंतीपलीकडून आवाज नाही. नंतरही नाही. माझ्या मीटिंगा सुरळीत होऊ लागल्या आणि मला त्या शांततेचाच संताप येऊ लागला. म्हणजे राष्ट्राध्यक्ष मेला म्हणून सुटला? झालं?

काल मीटिंग अर्धवट सोडून मी शेजारी गेले. काका फोटोकडे पाठ करून बसले होते, चहावर साय धरलेली. मी फोटोसमोर उभी राहिले.

"सायमन कुठे आहे? उत्तर दे!"

काका वळले नाहीत. फक्त म्हणाले, "जोरात, बेटा. बहिरा आहे तो."