नमुना, विक्रीसाठी नाही

हमीदभाई चहाला आले की खिशातून स्वतःचा चमचा काढतात. मग पिशवीतून बोटभर बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: ‘नमुना, विक्रीसाठी नाही.’ ती चिठ्ठी त्यांच्याच कपाळावर लावावी असं माझं मत आहे.

माणूस रत्नागिरीचा. इथे कुवेतमध्ये एका परक्या देशाच्या वकिलातीत, व्यापाराच्या खोलीत कारकून. तो देश पूर्वी सोव्हिएत रशियात होता. तेव्हा सगळा माल सरकारच उचलायचं, आता गिऱ्हाईक शोधावं लागतं. हमीदभाई दुकानदारांना मध, जर्दाळू चाखवतात आणि कोण काय म्हणालं ते तिकडे कळवतात. देश कधी पाहिला नाही, तरी म्हणतात, ‘आमचा मध’.

“मावशी, खरं सांगा हां.”

“जर्दाळूला आगपेटीचा वास येतो.”

त्यांनी लिहून घेतलं. काही महिन्यांनी नवे जर्दाळू आले. वास गायब. चौथी शिकलेल्या बाईच्या बोलण्यावर एका देशाने माल बदलला, मी हादरलेच. सून म्हणाली, “आई, मी पाच वर्षं सांगतेय, तुमच्या आमटीतला गूळ काही कमी होत नाही.”

परवा माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. पहिल्याच घोटाला मी मोरीकडे पळाले. परत येऊन बघते तर हमीदभाईंनी कप रिकामा केलेला.

“वा, मावशी.”

मी विचारलं, “चव कधी गेली?”

ते खाली बघत म्हणाले, “दोन वर्षं झाली. तापानंतर. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल.”

“आणि खुशाल जगाला चाखवत फिरता?”

“जे ऐकतो तेच लिहितो. माझा एक शब्द नसतो.”

निघाले, आणि दारातून परत वळले. पिशवीच्या तळातून बिनचिठ्ठीची बाटली काढली. बायकोने गावाहून पाठवलेलं करवंदाचं लोणचं.

“दर वेळी फोनवर छान म्हणतो. आज ती म्हणाली, छान म्हणजे कसं ते तरी सांगा. काय सांगू?”

मी चाखलं. “मेथी करपलीय. मोहरी नाकात जाते. करवंदं कोवळी आहेत.”

त्यांनी तिथेच फोन लावला. “अगं, मेथी करपली तुझी.”

पलीकडून जोरात भांडण सुरू झालं. हमीदभाई फोन कानाशी घट्ट धरून जिन्यातच बसले.