माळ्यावरचे उपाशी

वटवाघळे गेली तेव्हा चष्मेवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. छताखालच्या माळ्यावर त्यांनी असे ठाण मांडले होते की संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. आता बाहेरून जाळी बसली, भिंतीतल्या फटी बुजल्या आणि माळ्याखालची खोली त्याने आत्यासाठी रंगवून घेतली. याच आत्याने त्याला लहानाचा मोठा केला होता. हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त होऊन ती आता कायमची राहायला आली. सोबत स्वतःची जाडजूड गादी घेऊन.

थोड्याच दिवसांत घर खाजवू लागले. चष्मेवाल्याच्या बायकोच्या दंडावर लाल गांधी उठल्या. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला खाजवताना पाहून पेशंट लांबच्या खुर्चीत बसू लागले. चष्मेवाला गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता कपाटाला पाठ घाशी.  आत्या लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागली होती.

"ढेकूण आहेत," बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "आत्या यायच्या आधी नव्हते."

"म्हणजे गादी?"

"मी कुठे काय म्हटलं?"

आत्याला तोंडावर सांगण्यापेक्षा चष्मेवाल्याला ढेकूण परवडले असते. ती फिरायला गेल्याचे पाहून त्याने गादी टेम्पोत घातली, कचरा डेपोवर पोचवली आणि पिंजायला दिल्याचे सांगून टाकले. आत्याने साधी चौकशीही केली नाही, त्यामुळे त्याला जास्तच चोरट्यासारखे झाले.

पुढे एकदा तो दुकानातून आला, तर सोफ्यावरच्या गाद्या गायब. मळल्या होत्या म्हणून धुवायला दिल्या, असे आत्या म्हणाली. उघड्या लाकडी पट्ट्यांवर अवघडून बसत त्याने चहा घेतला.

चावे मात्र वाढतच गेले. आपल्या गादीचे आत्या विचारीना, सोफ्याच्या गाद्यांचे ही दोघे विचारीनात. मग एका सकाळी आत्याने बॅग भरायला घेतली. धाकट्या बहिणीकडे जाऊन येते म्हणाली. पण भिंतीवरची फोटोची चौकटसुद्धा बॅगेत चालली होती. चष्मेवाल्याने त्या दिवशी दुकान बंदच ठेवले.

तेवढ्यात बायकोला एक ढेकूण छताच्या फटीतून भिंतीवर उतरताना दिसला. तिने तो नमुन्याच्या बाटलीत पकडला आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरला. मानेवरचे केस नेहमीच्या ढेकणापेक्षा लांब होते. तिने डॉक्टरांना दाखवले. त्यांनी एकच विचारले, घरात वटवाघळं आहेत का?

"होती. काढली आम्ही."

"मग हे त्यांचे ढेकूण. जेवण उडून गेलं, म्हणून खाली उतरलेत."

ती तडक घरी आली. आत्या दारातच होती आणि बॅग चष्मेवाल्याच्या हातात. बायकोने सगळे सांगितले. चष्मेवाल्याने बॅग खाली ठेवली.

"आत्या, तुझी गादी मी पिंजायला नाही दिली. फेकली."

आत्या बॅगेवरच बसली. "सोफ्याच्या मीही धुवायला नाही दिल्या."

"तू पण फेकल्यास?"

"मग काय करू? तुमच्या घरात ढेकूण, तोंडावर कसं सांगू? जन्मभर वॉर्ड लख्ख ठेवले, आणि घरच्या पोराला स्वच्छता शिकवायची राहिली, असं वाटून जीव खात होते स्वतःचा."

बायको आधी हसली. मग आत्या. चष्मेवाल्याला हसू यायला वेळ लागला, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी माणसे येऊन माळ्यावरची सगळी घाण काढून गेली, औषध मारले, छताच्या फटी लिंपल्या. ढेकणांचा मागमूस राहिला नाही. आत्याने फोटो पुन्हा भिंतीवर लावला, सोफ्याच्या पट्ट्यांवर ऐसपैस बसली आणि येत नाही हे कळवायला बहिणीला फोन लावला.

"ढेकूण निघाले होते गं घरात," ती अभिमानाने सांगत होती. "पण आमचे नव्हते. वटवाघळांचे होते."