बंद केलेला पंखा

"रविवारी मी दादाकडे जातोय. कायमचा," आप्पांनी सकाळी जाहीर केलं. "या घरात माणसाने राहायचं म्हणजे अंगावर गाद्याच घेऊन फिरायला हवं."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. शाळेत भूमिती शिकवणारा हा माणूस घरात ते कुणाला दाखवत नसे, पण वडिलांवाचून त्याला करमायचं नाही. आई गेल्यापासून तर मुळीच नाही. थोरल्या भावाकडे गेले की आप्पा फक्त फोनवर भेटणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"घर तापवणारा हीट पंप आजच्या आज सुधारला तर?"

"मग बघू," आप्पा म्हणाले आणि जेवणं झाल्यावर मफलर गुंडाळून रोजच्यासारखे दुपारचे वाचनालयात निघून गेले.

"अहो, मेकॅनिकला बोलवा," बायको म्हणाली.

"कशाला? बाहेरच्या युनिटमध्ये पाला अडकलाय, तो काढला की झालं!"

जोडघरांच्या पाठीमागे एक अरुंद बोळ होता. दुपार असूनही धुकं इतकं उतरलं होतं की बोळाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. तिथे दोन युनिटं शेजारीशेजारी उभी होती. एक मास्तरांचं, दुसरं शेजारच्या कंपाउंडरकाकांचं. काका मागच्या हिवाळ्यात वारले आणि तेव्हापासून त्यांच्या घराला कुलूप होतं. माणूस भला, पण दुपारच्या झोपेत कुणी खिळा ठोकला तरी भिंतीवर काठी आपटायचा.

आता यातलं आपलं कुठलं? मास्तरांनी क्षणात सिद्ध केलं: आपल्या भिंतीलगतचं ते आपलं.

घरातला स्विच बंद करून ते परत बोळात आले, तेव्हा पंखा थांबला होता. मग त्यांनी जाळीचे स्क्रू काढले, पाला ओढला, मागच्या पातळ पात्या मऊ ब्रशने साफ केल्या आणि वरून हलकं पाणी सोडलं. निघालेला सगळा कचरा त्यांनी झाडूने शेजारच्या युनिटपुढे लोटला.

"त्या घरात आता कुणाला थंडी वाजणार आहे?" ते पुटपुटले.

भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.

मास्तरांनी कानाला हात लावून पाहिला. कान जागेवर होता. वारा असेल, असं म्हणून त्यांनी जाळी बसवली, शेवटचा स्क्रू पिळला आणि आतला पंखा आपोआप फिरू लागला.

"अगं, स्विच कुणी लावला?"

"कुणी नाही. बंदच आहे!"

"नीट बघ!"

"बघितलं. डोळे आहेत मला!"

"मग फ्यूजच काढून आण!"

बायको फ्यूज हातात घेऊन बोळात आली. दोघांनी आधी फ्यूजकडे पाहिलं, मग पंख्याकडे. तो गरागरा फिरत होता. युनिटने झोपेत कूस बदलल्यासारखा लांबलचक उसासा टाकला आणि खालून पांढरी वाफ निघून त्यांच्या पायांभोवती पसरली.

"भूत-बित काही नसतं," मास्तर म्हणाले.

"मग माझा हात सोडा."

तेवढ्यात भिंतीवर काठी आपटली. टक्. टक्.

आता मात्र मास्तरांची पाचावर धारण बसली. कंपाउंडरकाकांच्या खिडकीचा पडदा हळूच बाजूला सरला. आत काकांची तपकिरी घोंगडी डोक्यावरून ओढलेली एक आकृती उभी होती. काच वर सरकली.

"चुकलं, काका!" मास्तर ओरडले. "आत्ता उचलतो पाला! तुमची झोप मोडली, परत नाही मोडणार!"

"काका कुणाला म्हणतोस रे? बापाला?"

घोंगडीतून आप्पांचं डोकं बाहेर आलं.

मग सगळा उलगडा झाला. घराला हवा लागावी म्हणून काकांच्या मुलीने किल्ली आप्पांपाशी ठेवली होती आणि वीजही चालूच ठेवली होती. आप्पांचं वाचनालय ते हेच. खोली तापली की इथला पंखा आपणहून थांबे, गार झाली की वाफ सोडत सुरू होई. घरं बांधणाऱ्याने नळ्या आडव्यातिडव्या नेल्या होत्या आणि मास्तरांचं सिद्ध केलेलं युनिट काकांचं निघालं. त्यांचं स्वतःचं युनिट कचऱ्याखाली पार गाडलं गेलं होतं.

"मला वाटलं, आत कुणी शिरतंय. म्हणून काठी आपटली," आप्पा म्हणाले. "पण साफसफाई छान केलीस हो. इथे इतकी ऊब आजवर नव्हती."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. "मग रविवारी... दादाकडे?"

"छे! आता कशाला जातोय?"

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"सूनबाई," आप्पा पुढे म्हणाले, "माझी बॅग इकडेच पाठव. संध्याकाळचं ताट खिडकीतून दिलंस तरी चालेल."

"आप्पा, त्या घरात एकटे राहणार तुम्ही?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"एकटा कसला?" म्हणत आप्पा खोलीतल्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. "हा माझा मुलगा, बरं का. जरा घाबरट आहे, पण कामाला चोख."

आणि आतून कुणी काही बोलल्यासारखं खुदकन हसून त्यांनी काच खाली ओढली.